सेशन रेप्लिकेशन, आठ महिन्यांनंतर: एका फ्लॅगने वाचवलं

इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक व्यापाऱ्यांचं जावात लिहिलेलं बिलिंग आम्ही दिवाळीच्या तोंडावर दोन नोडवर, म्हणजे दोन सर्व्हरवर, नेलं आणि मधूनच लोकांची लॉगिनं उडू लागली. वेब अॅपच्या सेटिंगमध्ये डिस्ट्रिब्युटेबल टॅग टाकला की सेशन (लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरने धरून ठेवलेली माहिती) दुसऱ्या नोडवर जातं, म्हणजे रेप्लिकेट होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जात नाही तेव्हाचं लिहितो.

लॉगमध्ये नॉटसीरियलायझेबलएक्सेप्शन (हे ऑब्जेक्ट सीरियलाइझ करता, म्हणजे बाइटमध्ये लिहून पाठवता, येत नाही अशी तक्रार) आणि पुढे फक्त ‘अ‍ॅरेलिस्ट$सबलिस्ट’. हा क्लास आमचा नव्हेच! होस्टिंगच्या सपोर्टकडून चार दिवसांनी उत्तर आलं, ‘तुमचा कोड तपासा.’ बरोबर होतं, पण तपासायचं कुठे? सेशनमधल्या प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात आणखी दहा. दोन रात्री जागून मी एकेक फील्ड ट्रान्झियंट (‘पाठवताना वगळा’) करत गेलो. मग दुसऱ्या नोडवर तीच फील्ड नल, म्हणजे रिकामी, होऊन आली आणि नवीनच पेज पडलं.

शेवटी ग्वाल्हेरच्या जुन्या सीनियरना फोन केला. म्हणाले, “अरे, जेव्हीएमला एक्स्टेंडेडडीबगइन्फो ट्रू दे. फुकट आहे.” जावा चालवणाऱ्या जेव्हीएमला हा फ्लॅग दिला, आणि एक्सेप्शनखाली अख्खा रस्ता छापून आला: सेशनमधला सर्च बीन (शोधाची माहिती ठेवणारं ऑब्जेक्ट), त्यातलं ‘पान’ नावाचं फील्ड, त्यात सबलिस्ट. पहिली ५० बिलं दाखवायला कोणीतरी सबलिस्ट कापून तशीच ठेवली होती. ती मूळ यादीवरची नुसती खिडकी असते, सीरियलाइझ होत नाही. नव्या अ‍ॅरेलिस्टमध्ये गुंडाळली, काम झालं. एकाच सर्व्हरवर सेशन मेमरीतच राहायचं आणि ईजेबीचे (जावाच्या सर्व्हरवरच्या घटकांचे) लोकल कॉल ऑब्जेक्टची कॉपी न करता रेफरन्सनेच चालायचे, म्हणून ही चूक इतकी वर्षं झाकून राहिली. महागडं मॉनिटरिंग टूल घ्यायचं ठरत होतं, ते पैसे वाचले.

इथवर या फ्लॅगला पाचपैकी पाच गुण. पण जानेवारीत लॉग चाळताना धस्स झालं. हा फ्लॅग वाटेतल्या प्रत्येक ऑब्जेक्टचं टूस्ट्रिंग (त्याचं मजकुरातलं वर्णन) छापतो. आमच्या ग्राहक क्लासच्या टूस्ट्रिंगमध्ये मोबाइल नंबर आणि उधारी, दोन्ही. सियागंजात कोणाची उधारी किती हे बाहेर फुटलं, तर पेढीची पत जाते. तेव्हापासून फ्लॅग फक्त चाचणीच्या सर्व्हरवर, आणि त्या टूस्ट्रिंगमध्ये आता नुसता आयडी.

मार्चमध्ये दुसरा फटका बसला. एका नोडवर नवा बिल्ड, दुसऱ्यावर जुना, आणि इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन (दोन्हीकडचा क्लास जुळत नाही). बदल काय, तर एक पब्लिक मेथड वाढवली होती! सीरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा क्रमांक) आपण लिहिला नाही, तर जावा तो क्लासचं नाव, इंटरफेस, फील्ड, मेथड यांच्यावरून स्वतः काढतं. प्रायव्हेट नसलेली एक मेथड वाढली तरी क्रमांक बदलतो. चालू क्लासमध्ये डोळे मिटून १एल (नुसता एक) लिहू नका. जावाच्या जेडीकेतल्या सीरियलव्हर या टूलने जुन्या क्लासचा क्रमांक काढा आणि तोच लिहा, म्हणजे जुनी सेशनं वाचता येतात. मात्र फील्डचा टाइप इंटवरून स्ट्रिंग केला, तर क्रमांक जुळूनही उपयोग नाही. जावाक्‌ला (जावाच्या कंपायलरला) एक्सलिंट:सीरियल दिलं की क्रमांक नसलेले क्लास दिसतात. तेही फुकट.

आता बिल्डमध्येच सेशनचं प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट बाइट अ‍ॅरेत लिहून परत वाचणारी टेस्ट आहे. एका दुपारचं काम, पण ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. रिमोट ईजेबी कॉलमधून जाणारे अकरा जुने डीटीओ (माहिती वाहून नेणारे क्लास) अजून क्रमांकाविना आहेत. ते या महिन्यात.