जुना प्रोसेसर ठेवावा की नवा घ्यावा?

हातातला होम थिएटरचा ७.१ प्रोसेसर (सात स्पीकर आणि एक सबवूफर यांना आवाज वाटून देणारं यंत्र) धडधाकट असेल आणि छतात स्पीकर बसवायचा विचार नसेल, तर माझं मत जुन्याच्या बाजूने. ब्लू-रे प्लेअरकडून एचडीएमआयवरून येणारा ७.१ पीसीएम (न दाबलेला डिजिटल) आवाज तो आजही जसाच्या तसा वाजवतो. त्या बाबतीत नवं यंत्र वेगळं काही देत नाही. विक्रेते काहीही म्हणोत.

नव्याची खरी बाजू दोन ठिकाणी आहे. पहिली, डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज. ७.१.४ म्हणजे डोक्यावर चार स्पीकर, आणि त्यांना चार ॲम्प्लिफायर चॅनेल्स लागतात. प्रोसेसरच्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो, तो आधी मांडा.

दुसरी, रूम करेक्शन, म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज मोजून सुधारणं. साधारण २०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते: सोफ्यावर बेस घुमतो, दोन पावलं पुढे सरकलं की गायब. डिरॅक लाइव्हसारखी प्रणाली माइकने अनेक जागी मोजून तो घुमारा बराच आटोक्यात आणते. जुन्या यंत्रातलं करेक्शन जुजबी असेल तर हा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. मात्र सबवूफरची जागा बदलून पाहणं फुकट आहे, ते आधी करा.

फक्त ४के १२० हर्ट्झ गेमिंगसाठी नवा घेऊ नका. कन्सोल थेट टीव्हीला जोडा, आवाज एआरसीवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने परत पाठवणारी सोय) प्रोसेसरकडे आणा; बहुतेकदा ५.१ वर भागवावं लागतं, पण खेळताना ते पुरतं.