सुइदोबाशीचं तोकोन शॉप आणि न्यू जपानचा माल: काय घ्यावं, काय सोडावं

न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी कुस्ती कंपनीचा माल, म्हणजे टीशर्ट, टॉवेल, मास्क वगैरे, मी बरीच वर्षं जमवतोय आणि अजूनही मला धड सांगता येत नाही की यात मला मजा जास्त येते का त्रास जास्त होतो. दोन्ही खरं आहे. भारतातून टोकियोला फिरायला येणारे बरेच जण विचारतात की काय घेऊ, कुठून घेऊ, दर वेळी वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी दुकान. तोकोन शॉप, म्हणजे न्यू जपानचं स्वतःचं दुकान, टोकियोत सुइदोबाशीला आहे. मी निशी-कासाईला राहतो, तिथून तोझाई लाईनने इइदाबाशी आणि तिथे सोबू लाईन पकडली की पुढचंच स्टेशन. स्टेशनच्या एका अंगाला टोकियो डोम आणि कोराकुएन हॉल, जिथे कुस्तीचे शो होतात, दुसऱ्या अंगाला कांदा-मिसाकिचोच्या गल्ल्या, दुकान त्या बाजूला. हा सगळा पट्टाच कुस्तीच्या चाहत्यांचा आहे, चॅम्पियन नावाचं जुनं दुकान पण इथेच, आणि जिम्बोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं चालत जाण्यासारखी, त्यामुळे येणार असाल तर अख्खी दुपार मोकळी ठेवून या.

दुकान लहान आहे. मोठं चकाचक शोरूम डोक्यात असेल तर ते काढून टाका. डोमला किंवा कोराकुएनला शो असेल त्या दिवशी आत नीट वळता येत नाही, त्यामुळे जमलं तर आठवड्यातल्या मधल्या वारी जा. स्टाफ शांत, नम्र, इंग्रजी जेमतेम पण बोट दाखवून सगळं होतं, आणि टीशर्ट अंगाला लावून बघितला तर कोणी तोंड वाकडं करत नाही. दुकानाला माझ्याकडून पूर्ण मार्क. माझं जे काही म्हणणं आहे ते मालाबद्दल आहे.

टीशर्टमध्ये पहिला घ्यायचा तो काळा लायन मार्कचा, मधे सिंह आणि किंग ऑफ स्पोर्ट्स. हा कधी जुना होत नाही कारण त्यावर कुठल्याच कुस्तीगिराचं नाव नाही. कंपनी १९७२ साली आंतोनिओ इनोकीने काढली, तेव्हापासून किती आले आणि किती गेले, सिंह तिथेच आहे. साइझ मात्र जपानी, आपल्याकडे एल घालत असाल तर इथे एक्सएल बघा. किंमत साधारण साडेतीन-चार हजार येन धरून चला. धुताना उलटा करून धुवा, पाठीवर मोठं प्रिंट असलेल्या कुठल्याही टीशर्टला वर्षभरात भेगा पडायला लागतात.

नावाचे टीशर्ट आणि टोप्या हा वेगळा विषय आहे, आणि खरा जीव इथेच अडकतो. २०१५ मध्ये नाइतो हा कुस्तीगीर मेक्सिकोहून परत आला, त्याच वर्षाच्या शेवटी त्याने एलआयजे नावाचा गट उभा केला, आणि त्यानंतर कुठल्याही हॉलमध्ये मान वळवली की त्या गटाची काळी टोपी दिसायची, आजीबाईंच्या डोक्यावर पण आणि सहावीतल्या पोराच्या डोक्यावर पण. माझ्याकडेही ती टोपी आहे, कडा पांढुरक्या झाल्यात घामाने, तरी तीच घालतो. मे २०२५ मध्ये नाइतोने न्यू जपान सोडलं. त्याआधी २०२४ ला ओकादा, इथला दुसरा मोठा कुस्तीगीर, अमेरिकेला गेला. माणूस गेला की त्याचा माल रॅकवरून हळूहळू उतरतो आणि तुमच्या कपाटात जे आहे ते एकदम दुसऱ्याच काळातलं होऊन बसतं, वापरलं तर खराब होईल आणि नाही वापरलं तर घेतलं कशाला, ह्या दोन्हीच्या मधे मी कायम लटकलेला असतो. बुलेट क्लब या गटाचं बघा, २०१३ ला डेविट नावाच्या कुस्तीगिराने सुरू केला, पुढच्या वर्षी तो डब्ल्यूडब्ल्यूईला गेला, मग एजे स्टाइल्स, मग केनी ओमेगा, मग जे व्हाइट, म्होरके एकामागून एक गेले आणि टीशर्टवरची कवटी मात्र अमेरिकेतल्या मॉलमधल्या हॉट टॉपिक या कपड्यांच्या दुकानांपर्यंत पोचली. तिथे तो टीशर्ट घालणाऱ्यांत कित्येकांनी एकही मॅच पाहिली नसणार, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट छान वाटतं, पण माझ्यासाठी त्या कवटीमागे डेविटचा चेहरा आहे आणि तो टीशर्ट नवा करकरीत मिळाला तरी मला नको.

आता टॉवेल. ज्याने फक्त एकच वस्तू घ्यायचीय त्याने डोळे झाकून मफलर टॉवेल घ्यावा. लांब, अरुंद, एका बाजूला नाव छापलेलं गुळगुळीत कापड आणि मागची बाजू साधी पांढरी, टॉवेलासारखी गुबगुबीत. नवा असताना पाणी अजिबात शोषत नाही, दोन-तीनदा धुतला की मऊ पडतो. एंट्रीचं म्युझिक लागलं की दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचा, समोरच्या शेकडो लोकांनी तसाच धरलेला असतो, आणि रिंगकडे येणाऱ्या माणसाला आपलं नाव सगळीकडे दिसतं. कोरोनाच्या काळात, २०२० च्या उन्हाळ्यात शो परत सुरू झाले तेव्हा ओरडायला बंदी होती, नुसत्या टाळ्या, आणि बराच काळ तसंच चाललं. त्या दिवसांत टॉवेल हाच आमचा आवाज होता. म्हणून टॉवेलाबद्दल माझ्या मनात किंतु नाही, कितीही घेतले तरी मला ते जास्त वाटत नाहीत.

मास्कचं तसं नाही. मास्क म्हणजे ह्या छंदातलं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात महागडं प्रकरण. एप्रिल १९८१ मध्ये कुरामाए कोकुगिकानला डायनामाइट किडसमोर पहिला टायगर मास्क उतरला, म्हणजे वाघाचा मुखवटा घातलेला सातोरू सायामा, आणि त्याचे मास्क काळानुसार बदलत गेले, ते ओळखणारे लोक इथे आहेत, सुळे आहेत का नाहीत, फर कुठे लावलीय, शिवण कशी आहे यावरून साल सांगतात. प्रेक्षकांसाठीचा साधा मास्क, मग चांगला रेप्लिका, मग मॅचसाठी शिवलेला, आणि सगळ्यात वर मॅचमध्ये खरोखर घातलेला, अशी उतरंड आहे आणि प्रत्येक पायरीला किंमत कित्येक पट. माझ्याकडे लायगर या मुखवटेवाल्या कुस्तीगिराचा मधल्या दर्जाचा आहे. लाल-पांढरा, शिंगं आतून कडक, डोळ्यांना आतून जाळी, मागे बुटाच्या लेससारखी नाडी वरून खालपर्यंत ओवलेली, आणि पिशवी उघडली की रेक्झिन आणि गोंद यांचा वास. १९८९ ला डोममध्ये सुरू झालेला लायगर जानेवारी २०२० ला डोममध्येच थांबला, तो मास्क मी दर पावसाळ्यात बाहेर काढतो, बुरशी येऊ नये म्हणून कोरड्या फडक्याने पुसतो. तो विकत घेतल्याचं समाधान मोठं आहे. पण मॅचमध्ये घातलेल्या मास्कच्या बाजारात उतरू नका असंच मी नवीन माणसाला सांगेन, ऑनलाइन लिलावात खोट्या सह्या आणि खोटी सर्टिफिकेटं फिरतात, माझ्या ओळखीच्या एकाला एका विक्रेत्याने चक्क नवा मास्क रंग उडवून जुना म्हणून दिला होता.

माझा खरा राग आहे तो रँडम पाकिटांवर. बॅज, ॲक्रिलिक स्टँड म्हणजे कुस्तीगिराचं चित्र असलेली उभी प्लास्टिकची पट्टी, छोटी कार्डं, बंद पाकीट, कोण निघेल ते फोडल्यावर कळणार. २०१२ मध्ये बुशीरोडने न्यू जपान घेतली, ती मुळात ट्रेडिंग कार्डवाली कंपनी, त्यामुळे हा प्रकार त्यांना अंगवळणी पडलेला. मला माझा आवडता कुस्तीगीर इशीई हवाय, आणि मला इशीई हवाय म्हणून मी पाच पाकिटं का फोडायची? ज्याच्यासाठी आपण घसा फोडतो त्याची वस्तू नशिबाने मिळावी आणि ज्याच्याशी काही घेणंदेणं नाही त्याचे तीन बॅज ड्रॉवरमध्ये पडून राहावेत, हे मला पटत नाही. हॉलबाहेर लोक बसून अदलाबदल करतात, त्यात ओळखी होतात, ते छान आहे, मान्य. पण ते चाहत्यांनी स्वतःच काढलेलं उत्तर आहे.

आणि तरीही पूर्ण नावं ठेवता येत नाहीत. दोन हजारच्या दशकात न्यू जपानची हालत खराब होती, खुर्च्या रिकाम्या असायच्या, हे त्या काळचे प्रेक्षक सगळे सांगतात. तानाहाशी या कुस्तीगिराने वर्षानुवर्षं गावोगाव फिरून माणसं परत आणली, त्यात बायका आणि लहान मुलं मोठ्या संख्येने आली, आणि त्यांनी टॉवेल, टीशर्ट, बॅज घेतले. तो पैसा आला म्हणून आज मला बघायला रिंग आहे. ही गोष्ट मी पाकिटावर चिडलेलो असतानाही विसरत नाही.

छोट्या कंपन्यांच्या शोला गेलात तर तिथलं बुप्पान चुकवू नका, म्हणजे हॉलमधली विक्रीची टेबलं. मॅच संपवून केस ओले असलेली, खांद्यावर बर्फाची पिशवी धरलेली कुस्तीगीर स्वतः टेबलामागे उभी राहते, तिचा फोटो घ्यायचा, त्यावर ती तुमच्या समोर सही करते, नाव विचारते. मराठी नाव काताकाना या जपानी लिपीत लिहिताना दोघांनाही कसरत होते. हजार-दीड हजार येनचा तो कागद माझ्याकडच्या सगळ्या महागड्या वस्तूंपेक्षा मला प्रिय आहे, आणि पैसे कोणाच्या हातात देतोय ते समोर दिसतं.

जुने कार्यक्रम-पुस्तक, इथे पँफलेट म्हणतात, ते पण बघा. सत्तरच्या दशकातल्या अंकांत टायगर जीत सिंग सापडतो, फेटा बांधलेला, तोंडात तलवार धरलेला, इनोकीचा सगळ्यात बदनाम शत्रू. आपल्याला अजून एक धागा आहे. ६ मार्च १९७२ च्या पहिल्याच शोला इनोकीसमोर जो उतरला तो कार्ल गॉच, त्याने इथल्या पोरांना घोटून घेतलेला व्यायाम म्हणजे आपल्या जोर-बैठका. नोगेच्या डोजोमधले, म्हणजे कंपनीच्या तालमीतले, काळी चड्डी आणि काळे बूट घातलेले नवखे अजूनही शेकड्यांनी बैठका मारतात. कोल्हापूरच्या माणसाला ते बघून काय वाटतं ते मला लिहून सांगता येणार नाही. असे जुने अंक स्वस्त आणि वजनाला जड असतात, तेव्हा पोस्टाने मागवण्यापेक्षा बॅगेत घालून न्या, पार्सलवर कस्टम्सवाले किती लावतील ते आधी कळत नाही.

४ जानेवारी २०२६ ला डोममध्ये तानाहाशी ओकादासमोर शेवटचा लढला. त्या दिवशीचा टॉवेल घेतला, पँफलेट घेतलं, रँडम पाकिटाच्या रांगेत उभा राहिलो नाही. २०२३ च्या डिसेंबरपासून तानाहाशीच कंपनीचा अध्यक्ष आहे, स्वतः किती टेबलांमागे उभा राहिलाय त्याला माहीत आहे, म्हणून मागणी त्याच्याकडेच आहे: ॲक्रिलिक स्टँड नावाने निवडून घेऊ द्या, हवं तर पाचशे येन जास्त लावा, इशीईचा मी त्या दिवशी घेईन.