सहा सेकंदांचा पॅसिफिक: सात महिन्यांच्या वापरानंतर

काल रात्री साडेदहाला एका विद्यार्थिनीचा मेसेज आला, "मॅडम, सगळं काळं झालंय." सादरीकरण आज सकाळी. टाइमलाइनवर क्लिपांच्या जागी काळे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनावर 'फाइल सापडत नाही'. खोदून विचारलं तेव्हा कळलं, फोनमधली जागा संपली म्हणून तिच्या दादाने संध्याकाळी गॅलरी साफ केली होती. आपण अ‍ॅपमध्ये घातलेले फोटो अ‍ॅपमध्ये नसतातच. ते गॅलरीत कुठे पडलेत एवढंच अ‍ॅप लक्षात ठेवतं. मूळ फोटो उडवला की संपलं. सात महिन्यांत हे चौथ्यांदा झालं, म्हणून आज हे लिहायला बसले.

भौगोलिक शोधांचं प्रकरण यंदा मी मुलांकडूनच व्हिडिओ करून घेऊन शिकवलं. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला एक मोहीम, व्हिडिओ तीन मिनिटांचा. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण फुकटात मिळणारी यच्चयावत व्हिडिओ-अ‍ॅप्स मी या काळात पालथी घातली आणि आतून सगळी एकाच माळेचे मणी निघाली. कापणं, जोडणं, आवाज भरणं कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. पैसे भरून घ्यायची आवृत्ती मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. कोपऱ्यात वॉटरमार्क येतो तो येऊ दे. वॉटरमार्कमुळे कोणाचा इतिहास कच्चा राहिलेला नाही.

तक्रार केली नाही असं नाही. पहिल्यांदा काळे चौकोन दिसले तेव्हाच ग्राहकसेवेला मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर: अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा डाउनलोड करा. आता गंमत अशी की अर्धवट केलेले ड्राफ्ट फोनमध्येच, अ‍ॅपच्या पोटात असतात. अ‍ॅप काढलं की तेही जातात. हे त्या उत्तरात कुठेही नव्हतं. मी ते उत्तर गटाला पाठवलं, आणि शॅकलटनच्या अंटार्क्टिका मोहिमेवर काम करणाऱ्या एका आज्ञाधारक मुलाने शब्दशः तसं केलं. अकरा दिवसांचं काम गेलं. ज्या मोहिमेवर तो व्हिडिओ करत होता, तिच्यातच फ्रँक हर्ली नावाचा छायाचित्रकार होता. 1915 मध्ये त्यांचं जहाज 'एन्ड्युरन्स' बर्फात चिरडलं गेलं, तेव्हा हर्लीने गार पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. सगळ्या वाहून नेणं शक्य नव्हतं. म्हणून बर्फावर बसून त्याने सुमारे 120 निवडल्या आणि उरलेल्या 400 च्या आसपास तिथेच फोडून टाकल्या, पुन्हा मोह नको म्हणून. त्याने निदान स्वतः बघून, निवडून फोडल्या. आमच्या पोराला तेवढीही संधी मिळाली नाही. त्यानंतर मी ग्राहकसेवेचं उत्तर आधी दोनदा वाचते आणि मग ते मुलांना पाठवत नाही.

पण हे झालं किरकोळ. माझं खरं भांडण आहे ते नकाशावरच्या लाल रेघेशी.

या अ‍ॅपमध्ये नकाशाचं एक टेम्प्लेट आहे. दोन ठिकाणांवर बोट ठेवायचं, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल रेघ सुळकन धावत जाते. तिच्या तोंडाशी एक छोटं जहाज डुलत असतं, सोबत सनईसारखं काहीतरी वाजतं. वेळ ठरलेला: सहा सेकंद. अंतर कितीही असो, वारा कुठलाही असो, सहा सेकंद. मुलांना हे टेम्प्लेट प्राणापलीकडे प्रिय. पहिल्या फेरीत आलेल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये ती रेघ होती, काहींत तर तीन-तीन वेळा.

मॅगेलनच्या गटाने लावलेली रेघ दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या सामुद्रधुनीतून निघाली, पॅसिफिक ओलांडून गुआम बेटाला टेकली. सहा सेकंद. मी व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "किती दिवस लागले?" एकाने रेघेकडे बघतच उत्तर दिलं, "चार-पाच?" त्यांच्याच मजकुरात दोन्ही तारखा होत्या, 28 नोव्हेंबर 1520 आणि 6 मार्च 1521. त्यांनीच वाचून दाखवल्या होत्या. बोटं मोजली तर 98 दिवस निघतात. जहाजावर रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा लिहून गेलाय की बिस्किटांची भुकटी झाली, तिच्यात अळ्या पडल्या, डोलकाठीच्या आडव्या वाशांवरचं चामडं काढून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, निखाऱ्यावर भाजून खाल्लं. उंदीर विकले जात होते. आणि मुलांच्या डोक्यात काय राहिलं, तर जहाज सुळकन गेलं. कान ऐकतात एक, डोळे बघतात दुसरं, आणि जिंकतात डोळे.

वास्को द गामाच्या गटात तर ही रेघ सरळसरळ खोटं बोलते. 24 एप्रिल 1498 ला तो आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला आणि 20 मे रोजी कालिकतजवळ पोचला. 26 दिवस. वारे पाठीशी होते आणि वाटाड्या त्या समुद्रातला मुरलेला होता. परतताना त्याने मोसमी वाऱ्यांचा हिशेब धाब्यावर बसवला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या किनाऱ्याजवळच्या अंजदीव बेटावरून निघालेली जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी आली ती जानेवारी उजाडल्यावर. जवळपास तीन महिने. स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या फळा-भाज्यांअभावी होणाऱ्या आजाराने, माणसं अशी मेली की जहाजं हाकायला हात पुरेनात, शेवटी 'साओ राफाएल' हे जहाज जाळून टाकावं लागलं. तोच समुद्र, तेच दोन किनारे. अ‍ॅपमध्ये जाताना सहा सेकंद आणि येतानाही सहा सेकंद, फक्त जहाजाचं तोंड उलटं. मोसमी वारा म्हणजे काय हे ज्या एका उदाहरणावरून कायमचं समजावं, तेच उदाहरण या रेघेने सपाट केलं.

वेळ बदलायची सोय आहे का म्हणून शोधलं. आहे, पैसे भरणाऱ्यांना. चला, माझ्या चिकटपणाची परीक्षा.

इथपर्यंत लिहिलेलं वाचून वाटेल की बाई पुढच्या वर्षी गपचूप खडू-फळ्याकडे वळणार. दिवाळखोरी जाहीर करण्याच्या बेतात मी होतेच. दुसऱ्या फेरीआधी चिडून एक नियम काढला: टेम्प्लेटचा नकाशा बंद. रेघ हवी असेल तर कागदावरच्या नकाशावर स्वतः काढा, फोन वर टांगून शूटिंग करा. आणि प्रवासाला जितके दिवस लागले त्या प्रमाणात सेकंद द्या, सगळ्या व्हिडिओभर एकच प्रमाण. मला वाटलं होतं मुलं कुरकुरतील आणि विषय संपेल.

कुरकुरलीच. पण मॅगेलनच्या गटाने वहीत गणित मांडलं. 20 सप्टेंबर 1519 ला स्पेनमधल्या सानलुकारहून निघाले, 6 सप्टेंबर 1522 ला 'व्हिक्टोरिया' हे जहाज परत आलं, एकूण 1,082 दिवस. व्हिडिओ 180 सेकंदांचा. एका सेकंदाला सहा दिवस. म्हणजे सामुद्रधुनीतले 38 दिवस सहा सेकंदांत बसतात आणि पॅसिफिकला येतात सोळा सेकंद. "मॅडम, सोळा सेकंद नुसता निळा कागद? कोण बघेल?" मी म्हटलं, बघू तर.

वर्गात लावला तेव्हा त्या सोळा सेकंदांत रेघ ओढणारा हात तेवढा दिसत होता, स्केचपेन मुंगीच्या पावलाने सरकत होतं. मागे संगीत नाही. दहाव्या सेकंदाला मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अजून?" आणि कोणी हसलं नाही. त्याच वेळी व्हिडिओतल्या मुलीचा आवाज आला, चामड्याचं वाक्य तिने तिथे ठेवलं होतं. हे प्रकरण मी इतकी वर्षं शिकवतेय. पॅसिफिक लांब आहे हे वर्गात पहिल्यांदाच कोणाला तरी लांब वाटलं. त्या दिवशी या अ‍ॅपबद्दलचं माझं मत दीड पायरी वर सरकलं, आणि तेही अ‍ॅपचं सर्वांत देखणं बटण बंद केल्यामुळे.

चित्रांचंही थोडं सांगते. मुलं 'कोलंबस' शोधतात, पहिलं चित्र उचलतात. त्याच्या हयातीत काढलेलं खात्रीचं एकही चित्र आज नाही. नेहमी दिसतं ते 1519 चं, तो गेल्यावर तेरा वर्षांनी काढलेलं. म्हणून प्रत्येक चित्राखाली ते कधी काढलं ते वर्ष टाकायला लावलं. आधी जाच वाटला, मग त्यांना चटकच लागली. पुसलेल्या ड्राफ्टवाल्या त्या मुलाने नव्याने व्हिडिओ करताना हर्लीलाच पकडलं. किनाऱ्यावरून हात हलवणारी माणसं आणि समोर होडी, या फोटोखाली अनेक ठिकाणी 'सुटका' असं लिहिलेलं असतं. मुळात तो 'जेम्स केअर्ड' ही होडी मदत आणायला निघाली तेव्हाचा, म्हणजे निरोपाचा फोटो. हर्लीने त्यावर कारागिरी करून तो सुटकेचा म्हणून खपवला. मुलाने फोटो दोन्ही मथळ्यांसह पाठोपाठ लावला. अकरा दिवसांचं काम गेल्याचं दुःख त्याला आता फारसं दिसत नाही. मला अजून आहे.

कुकच्या गटाकडे मी नीट लक्षच दिलं नव्हतं, तेच पुढे निघाले. पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावरचा जाणकार दर्यावर्दी तुपाया 1769 मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला. त्याच्या माहितीवरून तयार झालेल्या नकाशात 74 बेटं आहेत. तो नकाशा नेमका कसा वाचायचा यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे, कारण आपल्या उत्तर-दक्षिणेत तो बसत नाही. गटाने टेम्प्लेटऐवजी तोच नकाशा जमिनीवर खडूने काढला आणि बेटांवरून चालत जाऊन शूटिंग केलं. अ‍ॅपच्या नकाशात तिथे नुसतं निळं आहे, मधे रिकामी जागा. ज्यांनी आधीच तिथे घरं केली होती त्यांच्यासाठी तो समुद्र रिकामा नव्हता, हे मला वेगळं बोलावं लागलं नाही.

बाकी तक्रारी पटापट. मथळे 'अक्षरागणिक' उमटवण्याची सोय मराठीत वापरू नका. अक्षर आणि काना-मात्रा सुटे सुटे उमटतात, 'प्रदक्षिणा' तर वाचवत नाही. आवाज भरताना मुलं फोन तोंडात घातल्यासारखा धरतात. वीतभर लांब धरायला सांगा आणि पंखा बंद करा. एक्सपोर्ट करताना फोन तापतो, मधे कॉल आला तर पहिल्यापासून. गटातलं एकच मूल सगळं एडिटिंग करतं आणि बाकीचे तिघे त्याच्या खांद्यावरून सूचना देतात, हे मला अजून सुटलेलं नाही. गुण देताना मी एडिटिंगला काहीच ठेवत नाही, तारखा, चित्रांची वर्षं आणि संहिता यांनाच ठेवते. त्याने थोडा फरक पडला. वेळ मात्र भरपूर जातो: जे प्रकरण चार तासांत उरकायचं त्याला चौदा लागले, आणि पुढची दोन प्रकरणं मी घाईत गुंडाळली. हे कोणाला सांगत नव्हते, आता सांगून टाकलं.

काळ्या चौकोनांवरचा उपाय साधा आहे, तीन वेळा पोळल्यावर सुचला: पहिल्याच दिवशी प्रकल्पाचा एक फोल्डर करायचा, फोटो-आवाज सगळं त्यात, आणि तो आठवड्यातून एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उतरवायचा. कालच्या मुलीचा फोल्डर तिच्या मैत्रिणीकडे होता, पंधरा दिवस जुना. रात्री बारापर्यंत आम्ही दोघी फोनवर एकेक क्लिप परत जोडत बसलो. फार काही बिघडलं नव्हतं.

ती मॅगेलनच्याच गटातली. सगळं जोडून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, एक प्रॉब्लेम आहे. आपण 1,082 दिवस धरलेत. पण जहाजावर 1,081 च झाले ना?" तिचं बरोबर होतं. जुलै 1522 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांना पोचले तेव्हा जहाजाच्या नोंदीप्रमाणे बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. पिगाफेट्टा चक्रावला, कारण तो तर रोज न चुकता लिहीत होता. सतत पश्चिमेकडे जाऊन पृथ्वीला वळसा घातला की एक दिवस कमी मोजला जातो. सेकंदाला सहा दिवस, सेकंदाच्या तीस फ्रेम, म्हणजे एका दिवसाच्या पाच. "त्या पाच फ्रेम कुठून कापू?"

केप व्हर्दपाशी कापल्या. टाइमलाइन पूर्ण मोठी केली की अ‍ॅप एकेक फ्रेम कापू देतं, आणि हे फुकटच्या आवृत्तीतही चालतं. आज सकाळी व्हिडिओ लावला तेव्हा त्या जागी रेघ किंचित अडखळली. आम्हा दोघींशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.