‘मेंदूतला कचरा साफ’ करणाऱ्या कॅप्सूल, पैसे घालू नका

एक स्टार, तो पण डबी वेळेत आली म्हणून. आमचा दादा बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत नाइट शिफ्ट करतोय, दिवसा पत्र्याच्या घरात झोप लागत नाही, डोकं जड, मग मोबाइलवर जाहिरात दिसली, मेंदूतला कचरा धुवा, सूज उतरवा, साठ कॅप्सूल चौदाशे रुपये. लगेच मागवला.

डबीच्या मागं बघा, ब्राह्मी, अश्वगंधा, हळदीचा अर्क, बास. कुठलं किती मिलिग्रॅम ते कुठंच नाही. पुढं मात्र मोठ्या अक्षरात ‘ग्लिम्फॅटिक सिस्टिम’ छापलंय.

आता ही सिस्टिम, म्हणजे मेंदूतला टाकाऊ माल बाहेर काढायची सोय, खरी आहे ओ, म्हणूनच जास्त राग येतोय. 2012 ला अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या टीमनं उंदरांत दाखवलं, की मेंदूभोवतीचं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं आत शिरतंय आणि पेशींमधला टाकाऊ माल घेऊन बाहेर पडतंय, अल्झायमरमध्ये साठणारं बीटा अमायलॉइड पण त्यातच आलं. हा माल तुंबला की मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूतल्या राखणदार पेशी खवळतात, सूज धरते, आणि सुजेमुळं पाणी सोडणारी ॲक्वापोरिन-4 ची दारं जागा सोडतात, म्हणजे निचरा आणखी कमी. पावसात गल्लीतलं गटार तुंबल्यावर होतंय तसंच. 2013 ला त्याच टीमनं सांगितलं, झोपेत उंदरांच्या मेंदूत पेशींमधली जागा 60 टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणून सफाई जोरात. पण 2024 ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजवाल्यांना उंदरांतच उलटं दिसलं, झोपेत निचरा कमी. शास्त्रज्ञांचा वाद उंदरांवरच मिटला नाही आणि हे लोक माणसाच्या डोक्याची गॅरंटी देतात!

दादानं डबी संपवली, झोप होती तशीच, डोकं पण तसंच. फोन केला तर म्हणाले तीन महिन्यांचा कोर्स करा. दादाला बीपीची गोळी चालू आहे, त्याच्यासोबत चालतंय काय विचारलं, तर “आयुर्वेदिक आहे सर, काही होत नाही”. गोळी कुठली ते पण विचारलं नाही ओ! घरात वयस्कर माणसं असतील तर हे एकच कारण बास आहे न घ्यायला.

शेवटी इथल्या डॉक्टरांना दाखवलं. दादा घोरतो, मधेच श्वास अडकतो, हे वहिनीनं सांगितल्यावर त्यांनी आधी स्लीप टेस्ट करून घ्या म्हटलं, ती आता करतोय. आणि चौदाशे रुपयांत खिडकीला जाड काळा पडदा येतोय, खडेबाजारात कापड घेऊन शिवून घ्या की.