काळं रान, बाभळीचा काटा आणि सिंहगड: ट्रेल बूट, आठ महिन्यांनंतर

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर पळायचे हे ट्रेल बूट मे महिन्यात सेलमध्ये साडेसहा हजारांना घेतले. आजवर साधारण 600 किलोमीटर झाले, त्यात डिसेंबरात सिंहगडाच्या डोंगरातली माझी पहिली ट्रेल शर्यत, 25 किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तळाला 5 मिलिमीटरचे रबरी दात असलेल्या बहुतेक बुटांची कथा हीच असणार.

डोंगराजवळ राहणाऱ्यांचे अनुभव वाचून मी बूट निवडले आणि राहतो सोलापुरात, जिथं चढ म्हणजे उड्डाणपूल. पहिल्या दिवशी कंबर तलावावर मित्र म्हणाला, "हे काय बे, ट्रॅक्टरची टायरं घालून आलास?" पाऊस सुरू झाला आणि त्याचं हसणं मला पटलं. मुरमाच्या वाटेवर पकड झकास. पण ओल्या काळ्या रानात पन्नास पावलांत दातांच्या फटी भरतात आणि प्रत्येक पायाला मातीचा गोळा लटकतो. ही माती पाणी पिऊन फुगते, पाय आपटून सुटत नाही, काटकीनं खरवडावी लागते. चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवस मी तिकडं फिरकत नाही.

दुसरा शत्रू वेडी बाभूळ. पंजाखाली दगड टोचू नये म्हणून कडक पत्री आहे, टाचेखाली नाही. हिप्परग्याकडच्या बांधावर काटा टाचेच्या फोममध्ये घुसून मोडला. तेव्हा काही कळलं नाही. किलोमीटरभर पळाल्यावर टोचायला लागला. तेव्हापासून खिशात चिमटा असतो.

चढाच्या सरावासाठी रविवारी तुळजापूरचा घाट गाठायचो. एकदा आई म्हणाली, "कोजागिरीला आम्ही इथून तुळजापूरला चालत जायचो, निम्मी माणसं अनवाणी. तुला पंचवीसला एवढे महाग बूट?" सोलापूर ते तुळजापूर 45 किलोमीटर. काय बोलणार?

शर्यतीत चढावर बुटांनी एकदाही दगा दिला नाही. सुक्या कातळावर, वाळल्या गवतावर बिनधास्त पाय टाकत गेलो. उतारावर मात्र गणित फिरलं. घसाऱ्यावर बूट धरून राहायचा, पण पाय बुटाच्या आत पुढं सरकायचा आणि दर पावलाला अंगठा समोर आदळायचा. रोजच्या मापाचाच बूट घेतला होता. अर्धा नंबर मोठा हवा होता, आणि लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून घेऊन टाच आवळायला हवी होती. (ते जादा भोक कशासाठी असतं, हे मला शर्यतीनंतर कळलं!) दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, एक पुढं गळून गेलं. मांड्यांचं दुखणं बुटाच्या माथी मारणार नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि सपाटीवर कितीही पळालं तरी त्यांना ती सवय लागत नाही. मी घाट पळत चढायचो आणि खाली मित्राच्या गाडीवर बसून यायचो. शहाणपणाच! तीन दिवस जिना उलटा उतरलो.

पाण्याच्या टेबलावरचा खजूर दोन तासांत नकोसा झाला. शेंगाचटणी लावलेली भाकरीची गुंडाळी बरोबर होती, तिनं तारलं. वेळ 5 तास 50 मिनिटं.

आता तक्रार, आणि चूक माझीच. घरापासून मातीची वाट सुरू व्हायला तीन किलोमीटर डांबर आहे. जाऊन-येऊन सहा, तेही याच बुटांवर. मऊ रबर डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. टाचेकडचे दात निम्मे उरलेत. वरची जाळी शाबूत आहे, डिंक कुठं सुटलेला नाही. भिजलेले बूट पंख्याखाली रात्रीत वाळतात. ओल्या गुळगुळीत दगडावर मात्र भरवसा नाही, ऑगस्टमध्ये सरावाला गेलो तेव्हा सिंहगडाच्या वाटेवर दोनदा आपटलो.

पुन्हा हेच घेईन, अर्धा नंबर वरचे. यंदा कोजागिरीला आईबरोबर तुळजापूर ठरलंय. तिथं हे नेणार नाही, सगळी वाट डांबरी आहे.