डब्ल्यूआरके: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्या ‘सॉकेट एरर्स’ ओळीबद्दल

डब्ल्यूआरके हे वेब सर्व्हरवर मुद्दाम रिक्वेस्टचा भार टाकून तो किती पेलतो हे मोजणारं टूल. अपाची बेंच हे तशाच कामाचं टूल सोडून डब्ल्यूआरकेकडे वळणाऱ्याला आधी वेग जाणवतो. अपाची बेंच एकाच थ्रेडवर चालतं, तर सी भाषेत लिहिलेलं डब्ल्यूआरके अनेक थ्रेड चालवून प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लावू शकतं. दुसरा फरक उशिरा लक्षात येतो. अपाची बेंच पहिल्याच ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’ला (समोरून कनेक्शन तुटल्याचा एरर, क्रमांक लिनक्सवर १०४, मॅकवर ५४) अख्खी टेस्ट थांबवतं. डब्ल्यूआरके गुपचूप पुढे जातं आणि शेवटी ‘सॉकेट एरर्स’ या एका ओळीत एररचे चार आकडे देतं: कनेक्ट, रीड, राइट, टाइमआउट. एरर नसतील तर ती ओळ छापतही नाही. एररचं कारण त्यात कुठेच नसतं, ते आपणच शोधायचं.

कनेक्टचा आकडा दिसला की सर्व्हरला हात लावण्याआधी लोड देणारं मशीन तपासा. कनेक्शनचा पर्याय एकूण संख्या घेतो, थ्रेडमागे नाही. ८ थ्रेड आणि ४०० कनेक्शन म्हणजे प्रत्येकी ५०. कनेक्शन २००० दिली आणि ओपन फाइल्सची मर्यादा (‘यूलिमिट’, यात प्रत्येक कनेक्शनही एक फाइल धरलं जातं) १०२४ असली, तर हजाराच्या आसपास कनेक्शन सुरुवातीलाच पडतात आणि पुन्हा जोडायचा प्रयत्न होत नाही. म्हणून खूण सोपी आहे: टेस्ट १० सेकंदांऐवजी ६० सेकंद चालवली तरी कनेक्टचा आकडा जवळपास तोच राहिला, तर दोष ‘यूलिमिट’चा. मॅकवर ही मर्यादा २५६ असते, तिथे तर लगेच गाठ पडते. त्याच शेलमध्ये ‘यूलिमिट -एन ६५५३५’ देऊन पुन्हा चालवा. सर्व्हरच्या बाजूला ही मर्यादा वाढवायला मात्र लिमिट्स डॉट कॉन्फ फाइल बदलून भागत नाही. सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) सुरू केलेली सर्व्हिस ती फाइल बघतच नाही, तिला युनिट फाइलमध्ये ‘लिमिट-नोफाइल’ लागतं.

रीड म्हणजे उत्तर पूर्ण व्हायच्या आत समोरून कनेक्शन तुटलं. बॅकएंडचा (मागे खरं काम करणाऱ्या अॅप्लिकेशनचा) वर्कर मेला, मधल्या लोड बॅलन्सरने (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्याने) हात झटकले, किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे ‘वर्कर कनेक्शन्स’ (एका वर्करला मिळणारी कनेक्शन) संपले. शेवटच्या कारणाची नोंद एरर लॉगमध्ये स्पष्ट सापडते. मूळ मर्यादा ५१२ आहे, आणि एनजिनएक्स प्रॉक्सी असेल (रिक्वेस्ट बॅकएंडकडे पुढे पाठवत असेल) तर एका ग्राहकामागे दोन कनेक्शन खर्च होतात, हे हिशोबात धरा.

आता टाइमआउट, कारण खरी फसगत इथे होते. मूळ मर्यादा २ सेकंदांची. पण आवृत्ती ४ मध्ये ही मोजणी उत्तर आल्यावरच होते. उशिरा आलेलं उत्तर टाइमआउटमध्ये जातं, आणि कधीच न आलेलं कुठेच मोजलं जात नाही. वर, टाइमआउट झालेल्या रिक्वेस्ट लेटन्सीच्या (उत्तराला लागलेल्या वेळेच्या) तक्त्यातून वगळल्या जातात, त्यामुळे ‘मॅक्स’ २ सेकंदांखाली छान दिसत राहतो. टाइमआउट ३० सेकंद करून पुन्हा चालवलं की ९९ पर्सेंटाइल (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के उत्तरं येतात तो आकडा) एकदम उडी मारतो, आणि तोच आकडा खरा. माझ्या मते टाइमआउटचा पर्याय न देता काढलेला तक्ता कुणाला दाखवूच नये.

कनेक्शन जोडायला लागलेला वेळही लेटन्सीत नसतो. सर्व्हरची अ‍ॅक्सेप्ट रांग (स्वीकारायची राहिलेली कनेक्शन) भरली की सिन पॅकेट (कनेक्शन मागणारा पहिला संदेश) टाकून दिलं जातं आणि क्लायंट साधारण १ सेकंदाने ते पुन्हा पाठवतो. तो सेकंद अहवालात येत नाही. टेस्ट चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून कर्ल या कमांडने नुसता कनेक्टचा वेळ मोजा. तो १ सेकंदाच्या वर गेला तर सर्व्हरवर ‘एसएस -एलएनटी’ बघा: पहिला आकडा रांगेतली कनेक्शन, दुसरा रांगेची क्षमता. ‘सोमॅक्सकॉन’ (या रांगेची लिनक्समधली कमाल मर्यादा) लिनक्स ५.४ पासून ४०९६ आहे, त्याआधी १२८ होता. तो वाढवला तरी एनजिनएक्स लिनक्सवर स्वतःहून ५११ चीच रांग मागतो. त्याच्या कॉन्फिगमधल्या ‘लिसन’च्या ओळीत ‘बॅकलॉग’ दिल्याशिवाय फरक पडत नाही.

सॉकेट एरर्स शून्य आणि खाली ‘नॉन-२एक्सएक्स’ची (अयशस्वी उत्तरांची) ओळ फुगलेली, असं असेल तर एनजिनएक्सच्या लॉगमध्ये एरर ९९ (मागितलेला पत्ता देता येत नाही) शोधा. बॅकएंडकडे प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन गेलं की पोर्ट संपतात. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला ३२७६८ ते ६०९९९ म्हणजे २८,२३२ पोर्ट देतं, आणि टाइम-वेटमध्ये (कनेक्शन बंद झाल्यानंतरची थांबण्याची स्थिती) प्रत्येक ६० सेकंद अडकलेला. एकाच बॅकएंड पत्त्याला सेकंदाला सुमारे ४७० नव्या कनेक्शनांपलीकडे जाता येत नाही. एनजिनएक्सच्या अपस्ट्रीममध्ये (बॅकएंडच्या यादीत) ‘कीपअलाइव्ह ६४’, प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ आणि ‘कनेक्शन’ हेडर रिकामा, हे तिन्ही एकत्र करा. एक राहिलं तरी उपयोग नाही. जुन्या लेखांतला ‘टीडब्ल्यू रीसायकल’चा (टाइम-वेट लवकर संपवण्याचा पर्याय) सल्ला सोडून द्या, लिनक्स ४.१२ मध्ये तो पर्यायच काढून टाकला.

डब्ल्यूआरकेत एचटीटीपी/२ नाही, ठरावीक वेगाने लोड देणंही नाही. सेकंदाला नेमक्या ५०० रिक्वेस्ट हव्या असतील तर गिल टेने यांचं डब्ल्यूआरके२ घ्या, त्यात त्यासाठी ‘-आर’ आहे. लॉगिन, कार्ट, पेमेंट असा सलग प्रवास तपासायचा असेल तर डब्ल्यूआरकेच्या लुआ भाषेतल्या स्क्रिप्टशी झटापट करण्यापेक्षा के६ हे टूल परवडतं. एका एंडपॉइंटला दणका देऊन तो कुठे फुटतो हे बघायला मात्र मी अजून डब्ल्यूआरकेच उघडतो, तेही सर्व्हरच्या मशीनवर नव्हे, वेगळ्या मशीनवर.