आमच्या इलेक्ट्रिक गाडीचा रिव्ह्यू, कंपनीचं नाव वगळून

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की निम्मे लोक पुढचं न वाचताच "अगदी बरोबर" म्हणतात आणि उरलेले "तेव्हाच सांगत होतो, आमची घ्या" म्हणतात. साडेतीन वर्षं घरात हेच ऐकतेय. बॅटरी चाळीस युनिटच्या आसपास, कागदावरची रेंज एका चार्जमध्ये चारशे किलोमीटरच्या वर. अशा गाड्या एकापेक्षा जास्त कंपन्यांनी विकल्यात, तेव्हा अंदाज बांधत बसू नका.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. २०२२ च्या दसऱ्याला गाडी आणली. पुढच्या पाडव्याला मिरजेच्या धाकट्या भावजींनी दुसऱ्या कंपनीची आणली, आणि घरात दोन पक्ष पडले. ह्या घराण्याचं ते रक्तातच आहे म्हणा. माझ्या सासऱ्यांनी मळ्यातल्या विहिरीवर किर्लोस्करशिवाय दुसरं इंजिन कधी बसू दिलं नाही. किर्लोस्करवाडी आपल्या जिल्ह्यातली, मग बाहेरचं कशाला आणायचं, असा त्यांचा हिशेब. मुलांनी तो हिशेब उचलला, फक्त दोघांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांना वाहिला.

आता गौरीच्या जेवणाला पुरणपोळी पानात पडायच्या आत, बॅटरी किती खर्च झाली ह्याची टक्केवारी सुरू होते. "मिरजेहून वाडीला जाऊन आलो, तेरा टक्के." "आम्ही बारा." वाडीला म्हणजे नरसोबाच्या वाडीला. दत्तानं काय द्यायचं ते देवो, ह्यांना एक टक्का दिला की झालं. आपल्याच कंपनीने देशात पहिली इलेक्ट्रिक गाडी आणली, असं दोघंही छातीठोकपणे सांगतात. मी एकदा म्हटलं, बंगळूरची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर होती, २०१० मध्ये महिंद्रानं ती कंपनी घेतली, तुमच्या दोघांच्या गाड्या कधीच्या? त्यावर ह्यांनी ताक मागितलं.

मी बँकेत ३१ वर्षं काढली. निवृत्त झाले तरी आकडे लिहून ठेवायची खोड गेली नाही. गाडी आली त्या दिवशी दोनशे पानी वही केली: किलोमीटर, युनिट, रुपये, शेरा. गाडीबद्दल हे लोकांना जे सांगतात ते वेगळं आणि वहीत आहे ते वेगळं. खोटं ते बोलत नाहीत. ते गाळतात. म्हणून हा रिव्ह्यू बहुतेक गाळलेल्या गोष्टींचाच आहे.

पहिले पैसे. आजवर ५८,४०० किलोमीटर झाले. घरच्या मीटरवर ६,९०० युनिट, बाहेर १,९५०. घरचं युनिट सरासरी साडेदहा रुपयांना पडलं, बाहेरचं साडेएकवीसला. सगळे मिळून १,१४,३७५ रुपये, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ९६ पैसे. आधीच्या पेट्रोल गाडीला साडेसात पडायचे, तेव्हा फायदा आहेच, भरपूर आहे. पण हे चारचौघांत "रुपया" म्हणतात. बाहेरचं चार्जिंग ते धरतच नाहीत. गाडी घेताना जीएसटी ५ टक्के आणि बाहेर चार्ज करताना विजेच्या सेवेवर १८ टक्के, ही मेख त्यांना माहीत आहे, पण ती सांगितली की रुपया सांगता येत नाही.

रेंज. कागदावरचा आकडा चाचणीतला असतो. सगळ्याच कंपन्यांचे असे आकडे असतात: पहिली नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये ३१२ घेऊन आली, २०२३ ची एक्सयूव्ही४०० मोठ्या बॅटरीला ४५६ सांगत होती, आता साडेसहाशेच्या पुढे बोलतात. दोन भावांनी ह्या आकड्यांवरून जितका घसा कोरडा केला, तितक्यात एखादा माणूस आमदार झाला असता. माझ्या वहीप्रमाणे आमची गाडी थंडीत ताशी ८० ने दहा टक्के शिल्लक ठेवून २४० जाते. एप्रिल-मेमध्ये एसी लावून ९५ ने हाणली तर २०५. एवढं धरून चाला, त्रास होणार नाही.

घाटाचंही सांगते. "उतरताना सगळं परत मिळतं," हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं म्हटलं जातं. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोचलो तेव्हा १३ टक्के गेले होते. उतरताना २ परत आले. दोन. चढताना वजन वर न्यायला लागलेल्या विजेतली थोडी ब्रेकऐवजी मोटर वापरली की बॅटरीत परत येते, पण टायर आणि वारा आपला वाटा दोन्ही वेळेला घेतात. मी आकडा लिहिला तेव्हा हे म्हणाले, "आज वारा समोरून होता." घाटात वारा समोरून कुठल्या वळणावर असतो, हे विचारायचं राहिलं.

आता साताऱ्याचा प्रसंग, कारण खरी गंमत तिथे आहे. मुलगी पुण्यात असते. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड करत साताऱ्यापर्यंत १२० किलोमीटर होतात, तिथे अर्धा तास चार्ज केलं की खंबाटकी चढून पुण्यात निवांत पोचता येतं. हायवेला लागून असलेल्या एका हॉटेलच्या मागे चार्जर आहे. दोन गनचा, म्हणजे गाडीला जोडायच्या दोन प्लगचा. एकच गाडी लागली तर पूर्ण ताकद मिळते, दुसरी लागली की निम्मी-निम्मी होते. हे यंत्र ज्याने केलं त्याला माणसाचा स्वभाव माहीत नसावा. आम्ही गन लावली, तशी आधीच लागलेल्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीतून एक तरुण उतरला आणि आमच्याकडे असं बघायला लागला, जणू आम्ही त्याच्या ताटातली भाकरी उचलली.

"काका, माझे अठ्ठावन्न किलोवॅटवरून एकोणतीसवर आले."

"माझा काय दोष? मशीनचा आहे."

"तुमची गाडी तशीही तीसच्या वर घेत नसंल. माझी घेती."

झालं. पुढची वीस मिनिटं हायवेच्या कडेला उन्हात ह्यांनी आणि त्याने बॅटरी, सेल, चायना, देशप्रेम, सगळं काढलं. दोघांच्याही गाड्यांना एकच गन बसते, सीसीएस टू नावाची, वर बारीक पिना आणि खाली दोन जाड. भारतात बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीतले सेलही चीनमधूनच येतात. हे मी म्हटलं नाही. मी उसाचा रस पीत होते. मध्येच एक पेट्रोलची जीप येऊन चार्जरसमोर आडवी लागली आणि मालक जेवायला आत गेला. तेवढी दोन मिनिटं दोघांची युती झाली, आवाज एक झाला, मॅनेजरला बोलावून जीप हलवली गेली, आणि मग पुन्हा आपापल्या जागी जाऊन भांडण सुरू.

आमचे ८१ टक्के झाले. ऐंशीनंतर वेग मंदावतो, त्यामुळे निघायचं ठरवलं, चार्जिंग बंद केलं आणि गन काही निघेना. गाडी आतून एक खिळी टाकून गन धरून ठेवते, ती सोडेना. हे रिमोट दाबतायत, दार उघडतायत, लावतायत. गन उन्हानं तापलेली, केबल कडक, ह्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि समोर तो तरुण. तो हसेल असं वाटलं होतं. तो आला, बॉनेट उघडायला सांगितलं, कडेला हात घालून नायलॉनची एक बारीक दोरी शोधली आणि ओढली. खट्ट. गन हातात.

"आमच्या मामाची हीच गाडी हाय," तो म्हणाला. "म्हणूनच मी ही घेतली न्हाई."

पुण्याला पोचल्यावर ह्यांनी जावयाला सगळा प्रसंग रंगवून सांगितला. पोरगं कसं उद्धट होतं, ह्यांनी त्याला सेलचं रसायन कसं समजावलं, जीपवाल्याला कसं हलवलं. दोरी आली नाही. खंबाटकी घाट आला, दोरी नाही. मी भाजी निवडत होते, मीही काही बोलले नाही. वहीत मात्र आहे: "सातारा, गन अडकली, दोरी डाव्या बाजूला." तुमची कुठलीही गाडी असो, ती दोरी कुठे आहे हे आजच पुस्तकात बघून ठेवा. काही गाड्यांत डिकीत असते.

दुसरी गाळलेली गोष्ट गणपतीच्या देवळासमोरची. संकष्टी होती. दर्शन घेऊन आलो तर गाडी मेलेली. दार उघडेना, दिवा लागेना. मोठ्या बॅटरीत ७० टक्के होते, पण गाडीचं डोकं चालतं ते साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर, पेट्रोल गाडीत असते तसल्याच. ती गेली की बाकीचं भांडार कुलपात. शेवटी किल्लीतली खरी किल्ली काढून दार उघडलं आणि एका रिक्षावाल्याने वायरी लावून जीव घातला. तो म्हणाला, "मावशी, करंटची गाडी, आन् करंटच न्हाई व्हय?" त्याला चहा पाजला. ही बॅटरी दर तीनेक वर्षांनी बदलून घ्या, जास्त खर्च नाही. मिरजेला कळू द्यायचं नाही, असं मला बजावण्यात आलं.

तिसरी, सर्व्हिस. चार्जिंगचा एक भाग बिघडला आणि गाडी वर्कशॉपमध्ये १९ दिवस उभी होती, कारण पार्ट यायचा होता. रोज फोन केला की "उद्या". वॉरंटीत झालं, एक पैसा लागला नाही, हे खरं. पण हे "दोन-चार दिवस" सांगतात. मी १९ वेळा रिक्षाने भाजी आणली आहे, मला दिवस मोजता येतात. बाकी देखभाल स्वस्तच आहे: ऑइल नाही, क्लच नाही, ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. टायर लवकर झिजले, ४१ हजारांवर चारही बदलले. गाडी जड आणि ह्यांचा पाय सिग्नलला हलका राहत नाही.

आणि पूर. सांगलीत गाडी घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१९ आणि २०२१ आम्ही दोन्ही पाहिलेत. शोरूममधल्या मुलाने "आयपी६७ आहे मॅडम, पाण्याचं टेन्शन नाही" म्हणून सोडवलं. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही बंद बॅटरीपुरतं. गावभागात पाणी अर्ध्या तासात परत जायला पाहुणं म्हणून येत नाही. तेव्हा आमचा नियम साधा: आयर्विन पुलाखाली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, पण पाणी ३५ ला गेलं की गाडी मिरजेला भावजींच्या पोर्चमध्ये.

२०२४ च्या जुलैत अशी ती सहा दिवस तिथे राहिली. भावजींनी आपली गाडी रस्त्यावर लावून आमची आत घेतली आणि स्वतःच्या भिंतीवरच्या चार्जरला जोडली. जाऊबाईंनी मला फोटो पाठवला. प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव कोरलेली ती पेटी, त्यातून निघालेली वायर आणि तिच्या टोकाला आमची गाडी, हिरवा दिवा लुकलुकतोय. ह्यांना दाखवला तर म्हणाले, "शंभर करू नको म्हणावं त्याला, ऐंशीला थांब." आभार वगैरे भावांत नसतात.

गाडी चांगली आहे. पाचपैकी साडेतीन. अर्धा सर्व्हिसचा कापला, अर्धा त्या स्क्रीनचा, जी उन्हाळ्यात मधूनच झोपते, आणि अर्धा मागच्या सीटचा, जिथे मांड्या टेकत नाहीत आणि जिथे पुरुष कधी बसत नाहीत म्हणून त्यांना माहीत नाही. शहरात चालवायला हिच्यासारखी गाडी नाही. मारुती रोडच्या गर्दीत क्लच-गिअर न करता गुडघ्यांना जो आराम मिळतो, त्याला मी पूर्ण मार्क देते. घरी स्वतःचं पार्किंग आणि पॉइंट असेल तरच घ्या. बाहेरच्याच चार्जरवर भिस्त ठेवायची असेल तर वर दिलेले साडेएकवीस रुपये आणि साताऱ्याची दुपार आठवा. आमच्या बॅटरीला वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, हल्ली काही मॉडेलना पहिल्या मालकासाठी आजीवन देतात. हा विषय ह्यांच्यासमोर काढू नये.

गेल्या आठवड्यात भावजींचा फोन आला. पुतण्याला गाडी घ्यायची आहे. मला वाटलं, आता त्यांच्या कंपनीचं नवं मॉडेल किती थोर ते ऐकावं लागणार. पण ते जरा घुटमळले.

"वहिनी, तुमची ती वही आहे ना, तिचे फोटो पाठवता का? सगळी पानं. सर्व्हिसचं पण."

"आमच्या कंपनीची घेताय की काय?"

"बघतोय हो नुसतं. आमच्यात पण काय काय असतंच की, मी कुठं बोलतो?" मग आवाज खाली आणून, "दादाला सांगू नका."

बेचाळीस पानं झाली. दुपारी हे झोपल्यावर पाठवली.